पदेराचा भोंगा वाजू द्यावा, म्हणजे मुलं पियानोवर परत येतील

दि. ९ मे

प्रति,
मा. सरपंच श्री. लाझारुस कुलासो,
ग्रामपंचायत व्हाळशीं, गोवा.

विषय : पाववाल्या सांतान पदेराच्या भोंग्यावरील बंदी निदान मुलांच्या सुट्टीपुरती उठवण्याबाबत.
संदर्भ : पंचायतीच्या फलकावरील बंदीची सूचना.

महोदय,

अर्जदार गावात पियानो शिकवते. मे लागला की मुलं आंबे, नदी आणि फुटबॉलच्या मागे पसार होतात व बहुतेक परत येत नाहीत, हे आपणास विदित आहेच. यंदा मात्र वेगळे घडले. सांतानने सायकलवरचा भोंगा वाजवताच शिकवणी टाकून पळालेली झुलेमा दारातून मागे फिरली व तोच सूर पियानोवर शोधू लागली. तो लागताच सांतान रस्त्यावरून ओरडला, "जमलं गो! आता उद्याचं ऐक!" मग तो रोज वेगळ्या लयीत भोंगा वाजवू लागला, जो तसाच वाजवून दाखवील त्याला गरम पाव. वाड्यावरची सगळी पोरं सकाळीच अर्जदाराच्या व्हरांड्यात जमू लागली, व भोंग्याची वाट पाहता पाहता धडेही वाजवू लागली.

नव्या बंगल्यातील पाहुण्यांची झोपमोड होते म्हणून आपण भोंगा बंद केलात. सांतान आता मोबाइलवर निरोप पाठवतो आणि मुकाट्याने पाव ठेवून जातो. तेव्हापासून व्हरांडा ओस पडला आहे.

अर्जदार हातावर हात ठेवून बसली नाही. स्वतः भोंगा विकत आणून कुंपणाआडून वाजवला. रेनान हा विद्यार्थी म्हणाला, "टीचर, हा सांतानचा नव्हे. हा रडतो." मग सांतानची सायकल मागून घेऊन अर्जदार या वयात रस्त्यावर निघाली व माडाच्या आळ्यात पडली. उजवा हात शाबूत राहिल्याने हा अर्ज लिहिता येत आहे.

तरी भोंगा उशिरा वाजवावा, आत रुमाल कोंबून वाजवावा, फक्त अर्जदाराच्या दारात वाजवावा. कोणतीही अट मान्य आहे. तेही जमत नसल्यास पाहुण्यांना अर्जदाराकडे झोपायला पाठवावे. मागच्या खोलीच्या भिंती जाड आहेत. खोली झाडून ठेवली आहे.

लाझार, यापुढचं सरपंच म्हणून वाचू नकोस. तूही एका मे महिन्यात याच व्हरांड्यातून उठलास. "मानकुराद आंबे संपले की येतो, टीचर," म्हणालास. तुझा हात फार चांगला होता. जूनभर तुझ्या वेळेला मी पियानो उघडून बसत होते.

काल झुलेमा खांद्यावर टॉवेल टाकून नदीवर निघाली होती. मी हाक मारली, तर हसून तेच म्हणाली. मला फार भीती वाटली रे. उद्या सकाळी भोंगा वाजू दे.

आपली नम्र अर्जदार, आणि तुझी टीचर,
एर्मेलिंडा फुर्ताद

सोबत : अर्जदाराचा भोंगा. पंचायतीत जमा करून घ्यावा.