मी आलो की पाऊस येतो म्हणे

३ नोव्हेंबर, सोमवार
सार्वजनिक सुट्टी. आकाश स्वच्छ. मुद्दाम लिहून ठेवतोय, पुढे पुरावा लागेल.

काल आमच्या पाऊलवाट सहल मंडळाची मीटिंग झाली. वीस तारखेला बस शिराओ दरीत जाणार, मेपलची लाल पानं बघायला. माझी बायको फुसाए जाणार. मी नाही! प्रेसिडेंट कुझुमीबाई सगळ्यांसमोर हसत हसत म्हणाल्या, नुमाता-सान, राग मानू नका हं, पण तुम्ही आलात की पाऊस येतो, आमचे सगळ्यांचे गुडघे म्हातारे, यंदा तेवढं घरी थांबा. सगळे हसले. मीही हसलो, नाहीतर चिडला म्हणतात.

अशी माणसं असतात, नाही असं नाही. काहीजण जातील तिथं ऊन घेऊन जातात, काहीजण पाऊस. पण मी? नळ बनवणाऱ्या कारखान्यात अख्खी नोकरी क्वालिटी कंट्रोलला काढली, सेक्शन चीफ म्हणून रिटायर झालो. आयुष्यभर एक थेंब गळू दिला नाही. आणि मला पाऊसवाला म्हणतात.

आरोप तपासले. चेरीची सहल: पाऊस पडला, मान्य. हायड्रेंजियाची सहल: पडला, पण ती फुलं फुलतातच मुळी पावसाळ्यात. फटाक्यांची रात्र: वादळ आलं होतं, तेही फिलिपीन्सहून. मी आयुष्यात फिलिपीन्सला गेलेलो नाही.

फुसाएनं माझी बाजू घ्यायला हवी होती. ती चहाच्या कपात बघत बसली. चारचौघांत नवऱ्याचं कौतुक करायला लाजते ती. जुन्या वळणाची आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार
ठरलं. मंडळाच्या आधी मी एकटाच शिराओ दरीत जाऊन येणार. निळं आकाश, लाल पानं आणि मध्ये मी, असा फोटो. तो कुझुमीबाईंच्या पुढ्यात टाकायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. मग वीस तारखेला बसमध्ये फुसाएच्या शेजारची सीट माझी.

फुसाएला सांगितलं. आधी म्हणाली, कशाला हो उगीच. सकाळी जाऊन रात्रीच परत येईन म्हटल्यावर एकदम खुलली. जा जा, नक्की जा, पाय मोकळे होतील, तिथं गरम पाण्याचे झरे आहेत, वाटलं तर मुक्कामच करा. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्या प्रवासात एवढा रस पहिल्यांदाच घेतला. बरं वाटलं.

संकल्प: प्रवासात कमी बोलायचं. अनोळखी माणसांना शिकवायला जायचं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
रिटायर झाल्यापासून बाजारात फुसाएबरोबर मीच जातो. आज तिनं निवडलेले तिन्ही मुळे नापास केले. कारणं तिथंच समजावून दिली. रांगेतल्या बायकांनाही फायदा झाला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, काहीतरी विसरलंय, तुम्ही व्हा पुढे. परत यायला दीड तास लागला. हातात काहीच नाही! विचारलं तर म्हणाली, काय विसरलं होतं तेच विसरले.

स्मरणशक्ती चालली बिचारीची. यापुढे तिला एकटं सोडायचं नाही. तांदूळ धुताना ती फार पाणी वाया घालवते, त्याचा तक्ता फ्रिजवर लावलाय. तोही विसरते.

११ नोव्हेंबर, मंगळवार
उद्या निघणार. टीव्हीवर म्हणाले, हवा कोरडी. फुसाएनं तिकीट आधीच काढून आणलं. माझी बॅग भरली, स्वेटर भरला, वर एक जादा पायजमा. मी मुक्काम करणार नाही म्हटलं, तर म्हणाली, असू द्या, राहावंसं वाटलं तर? स्वयंपाक करताना गुणगुणत होती. लग्न झालं तेव्हा गुणगुणायची, त्यानंतर आजच ऐकलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पहाटे. फुसाए दारापर्यंत आली. डबा दिला, हात हलवला. मी वळणावर मागे पाहिलं तर दार लागलं होतं. थंडी आहे, बरोबरच आहे.

सकाळ, ट्रेनमध्ये. आकाश निळं! शेजारच्या प्रवाशाला पाऊसवाला या कल्पनेतला फोलपणा समजावून सांगितला. हुशार माणूस, एकदाही मध्ये बोलला नाही. पुढच्या स्टेशनवर उतरला. नंतर दिसला तर पुढच्या डब्यात उभा होता. चुकीच्या स्टेशनवर उतरून परत चढला असणार. लोकांचं लक्ष नसतं.

शिराओ स्टेशन. ढग नाही. फुसाएला फोन केला, आकाशाची बातमी द्यायला. उचलला नाही. कपडे वाळत घालत असेल.

झुलत्या पुलावर. अख्खी दरी लालभडक झालीय. पण फोटो आधी. एका तरुण जोडप्याला थांबवलं, काढा म्हटलं. मुलानं काढला. आकाश कमी. पुन्हा. आकाश आलं, मी अर्धाच. पुन्हा. मग त्याला क्षितिज म्हणजे काय ते सांगितलं, कोपर कुठं टेकायचं ते दाखवलं. मागे पूल अडला होता, पण घाईत काम बिघडतं. शेवटी पोरगी म्हणाली, आजोबा, आमची बस सुटेल. बसस्टॉप दुसऱ्या टोकाला होता, ती दोघं भलतीकडेच पळाली. मी हाका मारून रस्ता सांगितला. थांबलीच नाहीत.

फोटो मात्र फर्स्ट क्लास. निळं, लाल, मी. वर एक ठिपका नाही.

दुपार. सोबाच्या दुकानात जेवलो. फुसाएचा डबा होता, तोही खाल्ला. नूडल्स जरा जास्त शिजल्या होत्या, मालकाला आत जाऊन सांगितलं. त्यानं वाकून आभार मानले आणि बिल लगेच आणून दिलं. सर्व्हिस चांगली.

शेजारच्या टेबलावर चौघी बायका, माझ्याच वयाच्या. आपापल्या रिटायर झालेल्या नवऱ्यांबद्दल बोलत होत्या. अशा नवऱ्याला आपल्याकडे ओलं पान म्हणतात: बुटाला चिकटलं की झाडूनही निघत नाही. एक म्हणाली, माझं पान आज घरी ठेवून आलेय, फ्रिजमध्ये कालवण आहे, पण ते गरम करायलाही फोन करेल बघ. खो खो हसल्या. मीही वळून हसलो. म्हटलं, असतात खरे असे काही जण. मी बघा, एकटा आलोय. बायकोनंच आग्रहानं पाठवलं, मुक्काम करा म्हणाली. चौघी एकदम गप्प झाल्या. मग एकजण फार हळू आवाजात म्हणाली, हो का. प्रभाव पडला.

पुन्हा फुसाएला फोन. नाही उचलला. मोबाइल दुसऱ्या खोलीत विसरली असेल. स्मरणशक्ती.

नदीकाठच्या बाकावर. एक आजी बसल्या होत्या. त्यांना पाऊस, नळ, मंडळ, मुळे, सगळं सविस्तर सांगितलं. अशी श्रोती आयुष्यात मिळाली नाही. सूर्य कलेपर्यंत पाण्याकडे बघत, गालात हसत ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी पर्समधून छोटंसं काहीतरी काढून कानात घातलं आणि म्हणाल्या, किती शांत जागा आहे, नाही? या वयातही दागिन्यांची हौस! मला आवडलं.

काम फत्ते. संध्याकाळची गाडी सोडून आधीचीच पकडतो. फुसाएला सरप्राइज.

रात्री, घरी. नीट लिहून ठेवतो. गल्लीतूनच हसण्याचा आवाज येत होता, वाटलं शेजारचा टीव्ही. आमच्याच घरातून येत होता. दारात बायकांच्या बुटांची रांग. आत मंडळाच्या बायका, केक, प्लमची दारू. मध्ये कुझुमीबाई उभ्या, हात पाठीमागे बांधलेले, मान पुढे, राइस कुकरमध्ये डोकावून म्हणत होत्या, हे काय? हे काय? पाणी किती घेतलंस? बायका डोळे पुसत होत्या. फुसाए तर पोट धरून जमिनीवर बसली होती. नक्कल उत्तम. कुणाची ते कळलं नाही, पण माणूस ओळखीचा वाटला.

मला पाहून सगळ्या थांबल्या. फुसाए म्हणाली, अहो, इतक्या लवकर? मी न बोलता मोबाइलवरचा फोटो पुढ्यात धरला. मग थोडं बोललोही. कुझुमीबाईंनी फोटो पाहिला, एकेकीकडे फिरवला. सगळ्या फोटोऐवजी फुसाएकडे बघायला लागल्या. कुझुमीबाई म्हणाल्या, ऊन तर लख्ख आहे हो. मी म्हटलं, मग? त्या म्हणाल्या, मग काय, या की तुम्हीही वीस तारखेला. हे मला म्हणाल्या, पण बघत होत्या फुसाएकडे. मग सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली.

जिंकलो!

१३ नोव्हेंबर, गुरुवार
शेजारशेजारच्या दोन सीट सांगून टाकल्या. फुसाए म्हणाली, तुम्ही जा, मी घरीच राहते, गुडघा दुखतोय. एवढी वाट बघत होती आणि नेमका आताच. मला वाईट वाटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
तिला म्हटलं, मग मीही जात नाही, दिवसभर तुझा गुडघा शेकत बसतो. घाईघाईनं म्हणाली, छे छे, तेवढा काही दुखत नाही, जाईन मी. म्हटलं, छान, मग दोघं जाऊ. संध्याकाळी गुडघा पुन्हा दुखायला लागला. डॉक्टरकडे चल म्हटलं तर नको म्हणाली.

१७ नोव्हेंबर, सोमवार
नळ का गळतो ते शोधायची एक पद्धत आहे. एकेक भाग बदलायचा आणि बघायचं. ही पद्धत कधी फसलेली नाही. मी बसमध्ये आणि ती घरी: गुडघा दुखतो पण चेहरा ठीक. ती बसमध्ये आणि मी घरी: गुडघा बरा. दोघं बसमध्ये: दुखतो. दोघं घरी: बसमध्ये जायला तयार. पाऊस धरून बघितला, सोडून बघितला. बस, दरी, कुझुमीबाई, सगळे भाग बदलून झाले. एकच भाग प्रत्येक वेळी तोच राहतोय.

कुठंतरी चूक असेल. उद्या पुन्हा बघतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
चूक नव्हती.

फुसाए टॉवेलच्या घड्या घालत होती. विचारलं, तुझा गुडघा खरंच दुखतो का. तिनं हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाली, नाही. आवाज चढवला नाही, रडली नाही. म्हणाली, पावसाचं मीच सुचवलं कुझुमी-सानना, हातापाया पडून. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. वर्षातला एक दिवस हवा होता हो मला, एकच, तुमच्याशिवाय. तोही मोडायला तुम्ही पुरावा आणलात.

मी म्हटलं, आधी सांगायचं. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही कारणं विचारली असती, आणि मग तक्ता केला असता.

बरोबर आहे. केला असता. फार लागलं मनाला, पण कुणावर चिडायचं ते कळेना. टॉवेलची एक घडी वाकडी झाली होती. काही बोललो नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सकाळीच कुझुमीबाईंना फोन केला. म्हटलं, मी येत नाही. फोटोतलं ऊन अपघात होता, मुळात मी पाऊसवालाच, उगीच सगळ्यांची सहल कशाला भिजवू. त्या अरेरे म्हणाल्या, फार पटकन म्हणाल्या, आणि लगेच विचारलं, पण फुसाए-सान येतेय ना? म्हटलं, येतेय. फोनच्या पलीकडे कुणीतरी टाळी वाजवली.

फुसाएला सांगितलं. मला वाटलं होतं, ती निदान एकदा तरी चला म्हणेल. मी नको म्हणायची तयारीही केली होती. ती म्हणाली, बरं, आणि बूट घालायला बसली. दारात थांबून म्हणाली, थँक यू हं. माझ्याशी इतक्या प्रेमानं ती कधी बोलली होती, ते आठवून बघतोय.

दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसलो. आकाश निळं. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. निळंच. आता संध्याकाळ होत आलीय, अजून ढग नाही. एक थेंब पडला असता तरी मला पुरला असता.