सात पंक्चर

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
रविवार, ता. ९ फेब्रुवारी १९७५

तीर्थस्वरूप दाजी यांस,

विरुपाक्षचा साष्टांग नमस्कार. तुमची व अक्काची तब्येत बरी असावी. शाळू काढणीला आला असेल. अक्काने पाठवलेल्या कडक भाकरी पोचल्या, एकही मोडली नव्हती. तुमच्या दाक्षायणीची कॉलेजची परीक्षा एप्रिलमध्ये आहे. गुरुवारी तिची सुपारी फुटायची, लग्न पक्कं व्हायचं, म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता तुमच्या गावच्या नागप्पांच्या हाती देतो आहे. वाचल्याशिवाय कोणाला बोलावणं धाडू नका.

१९ जानेवारीच्या पत्रात मी लिहिलं होतं की दोन महिन्यांत दाक्षायणीच्या सायकलला सात पंक्चर झाली. तारखा दिल्या होत्या, कुठलं चाक तेही दिलं होतं. ते सगळं बरोबर आहे. रस्त्यावरचा काटा टायरच्या तळातून शिरतो. ही सातही भोकं बाजूने होती, गोल आणि सारख्या मापाची. माझी शाळा चौथीत सुटली, तरी मांडीवर शब्दकोश घेऊन सायकलची इंग्रजी पुस्तकं वाचलेला माणूस आहे मी. ट्यूबवर बोट फिरवलं की भोक कशाने पडलं ते सांगतो. तेव्हा हे कोणीतरी हाताने टोचलेलं आहे, असं मी लिहिलं. इथवर चूक नाही.

पुढे लिहिलं की टोचणारी मुलगीच आहे. पंक्चर झालं की मल्लिकार्जुन तिला आपल्या सायकलवरून घरी सोडतो, तेवढी सोबत मिळावी म्हणून ती हे करते. दाजी, हा माझा तर्क होता. मी तो डोळ्यांनी पाहिल्यासारखा लिहिला.

त्यावरून तुम्ही सायकलला कुलूप घालायला लावलंत आणि लग्न लवकर उरकायचं ठरवलंत. मल्लिकार्जुन तुमच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, दोघांचं लहानपणापासून ठरल्यात जमा, त्यामुळे मलाही त्यात वावगं वाटलं नाही. तेव्हापासून तोच तिला कॉलेजला नेतो-आणतो.

परवा शुक्रवारी पाचच्या सुमाराला तो ब्रेकचं रबर बदलायला माझ्या दुकानात आला. दाक्षायणी मागे कॅरिअरवर होती. "उतर," म्हणाला, ती उतरली. दोन गिऱ्हाईकं बाकावर बसलेली. मी थट्टेने म्हटलं, "काय जावईबापू, पंक्चरं बंद झाली की!"

तो हसला. "मामा, ती मीच टोचत हुतो की. कॉलेजच्या स्टँडवर, दाभणानं."

"तू? कशाला रे?"

"मंगळवार-शुक्रवार खो-खोला पळायची ही, मैत्रिणींसंगं. आपला माणूस हितं उभा, आन् कसला खो-खो? सायकल बसली की गपगुमान माझ्यामागं बसायची. आता सायकलच न्हाय म्हटल्यावर टोचायचं काम पण राहिलं न्हाय!"

"लई जीव हाय की पोराचा!" बाकावरचा एकजण म्हणाला. सगळे हसले.

दाक्षायणी चाकाच्या तारांकडे बघत होती. मल्लिकार्जुन तिला म्हणाला, "हस की. मामा काय म्हणतील?" तशी ती हसली.

ते हसू मला बरं वाटलं नाही. घरी येऊन पंक्चरांची वही काढली. सातही तारखा मंगळवारच्या नाहीतर शुक्रवारच्या. प्रत्येक तारखेपुढे मीच वार लिहिलेला आहे, आणि तो मी एकदाही वाचला नव्हता.

काल सकाळी हिच्यासमोर मुलीला बसवून विचारलं. दहा जानेवारीला सहावं पंक्चर झालं, तेव्हा ती त्याच्यामागे न बसता पायी मैदानावर गेली. परतताना त्याने तिचा हात पिरगाळला. खो-खोत करंगळी दुखावली म्हणून तुम्हाला कळवलं होतं, ती ही करंगळी. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला, रडला, तुझ्याशिवाय मी विहिरीत उडी घेईन म्हणाला. तेव्हापासून कोणत्या मैत्रिणीशी बोलायचं, कोणतं पातळ नेसायचं, सगळं त्याच्या हुकमाने. सातव्या पंक्चरनंतर खो-खोही सुटला. मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. आम्ही म्हणत होतो, पोरगी शहाणी झाली.

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस गं?"

"मामा, माझ्या आप्पांना लिहिलेलं पत्र तुम्ही मामीला मोठ्यानं वाचून दाखवलंत. मी आतच होते. तुम्ही भोक बघून सांगितल्यावर माझं कोण ऐकणार होतं?"

 

नंतर मल्लिकार्जुन तिला न्यायला आला. मी दारातूनच परत पाठवला. "आमच्या दोघांतलं हाय मामा, तुमी मधी पडू नका," म्हणाला. मी मध्ये पडलोच होतो, तेही त्याच्या बाजूने. आता तिला तिची मामी कॉलेजला पोचवेल.

अक्का म्हणेल, लग्न झालं की सुधारेल. दाजी, आज त्याने सायकल अडवली, उद्या दार अडवेल. आणि एकदाच हात उचलला, असंही म्हणू नका. त्याआधी सहा वेळा टोचून झालं होतं. ओळखायचं ते तेव्हाच होतं.

तुमच्या बहिणीला राग येईल, नातं तुटेल, हे मला कळतं. माझं नाव पुढे करा. विरुपाक्षने मोडता घातला म्हणा. लागलं तर गुरुवारी येऊन चारचौघांत सांगतो की माझं पहिलं पत्र चूक होतं. तुम्ही मला ओळखता, हे वाक्य मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही.

आणखी एक गोष्ट. दुकानात सगळे हसले असं वर लिहिलं आहे. त्यात मीही होतो.

म्हणून माझ्या या पत्रावरही विसंबू नका. एकदा विसंबलात. उद्याच्या एस.टी.ने या आणि तिला जवळ बसवून विचारा. मी आणि ही बाहेर थांबू.

आपला,
तिला न विचारता लिहिणारा,
विरुपाक्ष