नाल्यापलीकडची गंजी

मु. पिंपळखेडी (आता म्हणे शहरच), गारखेड्याच्या पुढं

थोरले मेहुणे कडूबा पाटील यांना रामकिसनचा रामराम. इथं आम्ही धडधाकट आहोत. तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला कसा आहे ते कळवावं.

तुमची बहीण सरूबाई हिनं बुधवारी जे केलं, ते तुमच्याकडं गंगापूरला तिखटमीठ लावून पोचायच्या आत मीच लिहितो. आमचं गाव शहरात घेतलं ते तुम्हाला ठाऊक आहेच (हार घातले, पेढे वाटले, दिवे अजून यायचेत). हद्द आखणाऱ्यानं रेघ मारली ती नेमकी नाल्यावरून. त्यामुळं घर अन् गोठा शहरात, आणि नाल्यापलीकडचं आमचंच वावर शेजारच्या नगरपंचायतीत. आग लागली तर एकमेकांच्या मदतीला धावायचं, असा दोघांत करारही झाला. ऐकून लई बरं वाटलं होतं.

बुधवारी दुपारी वाऱ्यानं विजेच्या तारा घासल्या, ठिणगी पडली आणि वावरातली कडब्याची गंजी पेटली. मी किराणा दुकानातून फोन केला. शहराचा बंब आला, खोटं कशाला बोलू, लवकर आला. आणि पुलाच्या अलीकडं उभा राहिला. पलीकडं जायला नगरपंचायतीचं बोलावणं लागतं म्हणे. तिकडं फोन केला, तर त्यांचा बंब लग्नाच्या मांडवात पाणी द्यायला गेलेला (हेही सहकार्यच असावं), आणि बोलावणं धाडणारे साहेब त्याच मांडवात पंगतीला बसलेले. इकडं गंजी धडाडा जळतेय, जनावरांचा वर्षाचा चारा. मी हात जोडले. बंबावरचे साहेब सबुरीनं म्हणाले, "काका, आग इकडं आली तर आम्ही आहोतच की."

हे सरूबाईनं ऐकलं. पदर खोचला, दाताळ्यानं जळती पेंढी उचलली, पूल ओलांडला अन् साहेबांच्या पुढ्यात आणून टाकली. "घ्या, आली शहरात." मग दुसरी आणली. तिसरी बंबाच्या चाकापाशी पडली तसं साहेबांनी पाणी सोडायला लावलं. पाइप धरणारा गडी कुण्या शेतकऱ्याचा असावा. त्यानं पाइपाचं तोंड जरा वर केलं आणि धार थेट नाल्यापलीकडं पडली. साहेब पाठ फिरवून गारखेड्याकडं बघत राहिले.

अर्धी गंजी वाचली. सरूबाईच्या हाताला फोड आलेत, पण ऐकत नाय, भाकरी थापतेच. आता शहराची नोटीस आलीय, हद्दीत आग आणली म्हणून. आणि नगरपंचायतीची आलीय, परवानगीशिवाय बाहेरचं पाणी घेतलं म्हणून.

दोन्ही नोटिसा खिशात घालून हिंडणारा,
रामकिसन

ता. क. खरं लिहायचं ते राहिलं. वॉर्डातली माणसं सरूबाईला इलेक्शनला उभं राहा म्हणून गळ घालून गेली, आणि ती मला न विचारता व्हय म्हणाली. तुम्ही थोरले, तुमचं ती ऐकते. येऊन चार शब्द समजावा.

ता. क. २. समजावायचं राहू द्या. तिनं पत्र वाचलं. जीपला कर्णा बांधून घेऊन या.