डोंगराला हात लावू नका

४ जानेवारी
आठ फूट बाय पाच फूट! कॅनव्हास जिन्यातून वर चढवताना सुताराने दोन ठिकाणी भिंत खरवडली. खरवडू दे. नव्या वाचनालयाच्या दालनात माझं चित्र लागणार – माझं, बाबांचं नाही. बाबांनी चौकटीवर टकटक केली. "एवढं मोठं झेपेल का तुला?" झालं, पहिल्याच दिवशी पाल चुकचुकली.

९ जानेवारी
सगळ्या कॅनव्हासवर तपकिरी रंगाचा पातळ हात मारला. तो वाळल्यावर कोळशाने दरी, नदी, मागे डोंगरांच्या तीन रांगा. खांदा भरून आलाय.

२१ जानेवारी
मोठे भाग भरून झाले – आकाश, पाणी, सावल्या. आज सकाळी वर गेले, तर सगळ्यात लांबच्या डोंगरावर बोटांचे ठसे. ओल्या रंगावर! चार, ओळीने. खाली आले तर बाबा निवांत चहा पिताहेत. "लांबचा डोंगर जाड झालाय. पुढे येतोय."
"मग डोळ्यांनी बघा ना, हात कशाला लावता?"
"हे तुझ्याकडून ऐकायचं राहिलं होतं."
चाळीस वर्षं निसर्गचित्रं काढलेला माणूस. ओल्या रंगाला हात लावू नये, हे मी सांगायचं?

२२ जानेवारी
जास्त संताप याचा, की त्यांचं बरोबर होतं. डोंगर खरंच पुढे येत होता. सुरीने खरवडला, पातळ रंगाने पुन्हा केला. त्यांना सांगितलं नाही. मेले तरी सांगणार नाही.

५ फेब्रुवारी
रंग वाळायची वाट. बाबांना जेवायला वाढते आणि पाठ फिरवते.

१७ फेब्रुवारी
आज कडेलोट झाला. पाच दिवस खपून काठावरचे दगड, गवत, नदीवरची चमक केली होती. दुपारी वर गेले – बाबा कॅनव्हासला नाक लावून उभे, तळवा पाण्यावर. सगळी चमक फरफटलेली. मी तोंड सोडलं. जन्मभर तुमची मुलगी म्हणून ओळखली गेले, एक चित्र तरी माझं राहू द्या. पुन्हा हा जिना चढायचा नाही.
ते वळले. कठडा धरून उतरले. शेवटच्या पायरीवर पाय चुकला आणि आडवे झाले. घोटा सुजलाय. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे. डोळे दाखवा यांचे." माझा राग उतरलेला नाही. पाणी पुन्हा करायचंय, आठवडा गेला.

१९ फेब्रुवारी
बाबांच्या दोन्ही डोळ्यांना मधलं दिसत नाही. कडेचं अंधुक दिसतं, म्हणून घरात वावरतात. चेहरा, चित्र – काही नाही. सहा महिने तरी झाले, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
बाहेर आल्यावर विचारलं, मला का नाही सांगितलंत?
"आता तू गोड बोलायला लागशील. तेच नको होतं."