हवेली म्हणजे वाडा नव्हे

मी, बसंतीबाई सेवादास आडे, वय ७२, निवृत्त शिक्षिका, राहणार फुलसावंगी, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. मुलगा इंद्रजीत नाही म्हणेल, म्हणून डॉक्टरचा दाखला जोडला आहे.

१. राहते घर मुलगी राखी हिला. इंद्रजीतचा पुसदला बंगला आहे. त्याला तांड्यातले पाणी खारे लागते.

२. माझी आई रुक्माबाई हिने सांगितलेल्या कथांच्या सात वह्याही राखीला. इंद्रजीतने त्यांना हात लावू नये. कारण लिहिते. आमच्या या प्राध्यापक चिरंजीवांनी जुन्या हिब्रू ग्रंथातल्या कथा आणि आमच्या बंजारा कथा यांची तुलना करणारे पुस्तक काढले. त्या ग्रंथात लोटाची बायको जळत्या गावाकडे वळून पाहते आणि मिठाचा खांब होते. ती देवाची शिक्षा. आईच्या कथेत नवरी पाठवणीला बैलावर उभी राहून हवेली म्हणते, वळून तांडा पाहते आणि रडून रडून मीठ होते. ते मीठ बैलांवर लादून तांडा पोरंबाळं जगवतो. या शहाण्याने काय छापले? "दोघींनाही लोभ नडला, बंजारा नवरीचा जीव हवेलीत, म्हणजे वाड्यात, अडकला होता." अरे गाढवा!

मी म्हटले, "हवेली म्हंजे सासरी जातानाचं रडगाणं हाय रे. तांड्यात वाडा होता कोणाचा?" तर मला, आपल्या आईला, म्हणतो, "याडी, छापून झालं आता. कोणाले समजून राह्यलं?" मले समजून राह्यलं ना!

त्याला हवेली कुठून माहीत असणार? राखीने लग्नात बैलावर चढून ती म्हणायला घेतली, तर यानेच पाहुण्यांपुढे लाज वाटते म्हणून डीजे लावला. पोरगी न रडता गेली. मी तेव्हा गप्प बसले, त्याचा राग अजून आहे, स्वतःवरही.

३. इंद्रजीतला पाच किलो खडेमीठ.

४. राहिले दोन एकर शेत. माझी तिरडी निघताना राखीने हवेली म्हणावी, पूर्ण. अग्नी दिल्यावर मागे वळून पाहू नये अशी रीत आहे. इंद्रजीतने पाहावे. पाहिले तर शेत त्याचे, नाहीतर राखीचे. साक्षीदार खेमसिंगने नीट लक्ष ठेवावे. इंद्रजीतले सांगजा, भेऊ नको बापा, माणूस मीठ होत नाही.

सही : बसंतीबाई सेवादास आडे

साक्षीदार :
१. खेमसिंग राठोड (सही)
२. सुखीबाई पवार (अंगठा, राखी कुठे अडलीच तर पुढची ओळ हीच सांगेल)

फुलसावंगी, १४ नोव्हेंबर २०२४