स्वेटरसकट वजन

प्रिय ताईस, धाकटीचा नमस्कार.

इथे सगळे ठीक. नात खुदकन हसते. फक्त महिन्याभरात तिचं वजन दीडशे ग्रॅम घटलंय, म्हणून लेक धड जेवत नाही.

सारखे आपले डॉक्टरकाका आठवतात. संशोधनासाठी प्रत्येक मुलाचं वजन वहीत लिहायचे, पण स्टेथोस्कोप आधी तळहातावर उबदार करायचे. मला एकदा म्हणाले होते, "बाई, वजन लेकीचं घ्यायचंय, स्वेटरचं नाही."

आज ते आठवलं आणि लक्षात आलं. गेल्या महिन्यात मीच नातीला स्वेटरसकट काट्यावर ठेवलं होतं; या वेळी स्वेटर नव्हता. लेकीला अजून सांगितलेलं नाही.

स्वेटर समोर आहे, स्वयंपाकघरात काटाही आहे. दीडशे भरेल ना गं? काट्यावर ठेवायला हात धजत नाही.

तुझा गुडघा कसा आहे?

तुझीच,
धाकटी