पाड्यावरची झोप

बाई,

आज सकाळी उशिरा जाग आली आणि डोळे उघडायच्या आधीच तुमचं स्वयंपाकघर दिसलं. खिडकीतून येणारा तिरपा उजेड, त्यात हळूहळू फिरणारी धूळ, आणि पाटावर बसून मेथी निवडणाऱ्या तुम्ही. मी समोर बसून गावांकडून आलेले अर्ज मोठ्याने वाचते आहे. निधीचं ऑफिस खरं तर पुढच्या खोलीत होतं, तिथे टेबल होतं, खुर्च्या होत्या, पण हात रिकामे ठेवून तुम्हाला ऐकताच यायचं नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही नाशकातल्या लोकांकडून दर महिन्याला थोडं थोडं गोळा करायला लागलात, तोच हा निधी. दुकानदार, डॉक्टर, मास्तर, ओझरच्या कारखान्यातले कामगार. निम्म्या घरांत तुमची एक तरी विद्यार्थिनी होती, त्यामुळे नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. जमेल त्यातून खेड्यांना मदत द्यायची, आणि काम कुठलं ते गावानेच ठरवायचं, एवढी एकच गोष्ट तुम्ही धरून होतात. चांदवडकडच्या एका गावाने कांद्याची चाळ बांधली, दुसऱ्याने बालवाडीवर कौलं घातली. दगड, माती, मेहनत त्यांची. विकत आणावं लागेल तेवढंच आपलं.

मी बी. ए. होऊन नुकतीच घरी बसले होते. विहारामागच्या कॉलनीतून चालत तुमच्याकडे आले, ती माझी पहिली नोकरी. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला कॅनव्हासचे बूट आणून दिलेत. साडीखाली बूट घालायची मला लाज वाटत होती, त्यात ते एक अंगुळभर मोठे. तुम्ही पुढे कापूस कोंबून दिलात आणि म्हणालात की डोंगरात चपला तुटतात, लाज तुटत नाही. ते बूट घालून मी पेठकडच्या डोंगरातून किती हिंडले असेन. अजूनही कधी कधी झोपेत पायाखाली ती लाल, भुसभुशीत वाट लागते आणि मी चढत राहते.

त्या वाटेच्या वरच्या टोकाला तो पाडा होता. सत्तरचं दशक सरत आलं होतं. पाड्यावरच्या बायकांना आम्ही विचारलं, काय हवं, तेव्हा पुरुषांकडे न बघता त्या एकदम म्हणाल्या, गिरणी. जवळची गिरणी खाली बाजाराच्या गावात, मधे दोन डोंगर. म्हणून नागली घरीच जात्यावर दळायची, आणि दिवसभर शेत आणि पाणी असल्यामुळे दळायला वेळ म्हणजे कोंबड्याच्या आधीचा. निधीने डिझेलचं इंजिन आणि दळायचे दगड दिले, पाड्याने कुडाची खोली उभारून वर गवत शाकारलं. इंजिन वर नेलं तो दिवस मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतो. बांबूला बांधलेलं ते काळं धूड खांद्याखांद्यांवरून डोलत चाललं आहे, पुढे वाजंत्री, मागे पोरं, आणि धुक्यात मधूनच सगळेच दिसेनासे होतात. तुम्ही दगडावर बसून पदराने वारा घेता आहात. चढून तुम्हाला दम लागला होता, पण ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

दोन पावसाळे गिरणी चालली. मग पाड्याकडून पुन्हा मागणी आली: गवताचं छप्पर गळतं, पत्रे हवेत, आणि इंजिन दम टाकतंय, ते खोलून दुरुस्त करायला हवं. निधीच्या समितीचा नियम असा की दुसऱ्यांदा मदत द्यायची तर पहिल्या मदतीचं काय झालं ते आधी पाहायचं. तुम्ही मला पाठवलंत. एसटीने पेठ, तिथून पायी. गिरणी चालवणारी विधवा बाई होती, कपाळावर हिरवं गोंदण, बोलायला मोकळी. तिच्या पडवीत पाड्यातल्या सगळ्या जणी गोळा झाल्या. मी विचारलं, दळण्याचा वेळ वाचला, त्यात आता काय करता? त्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. मी टोपल्या विणता का, शिवण शिकता का, अक्षरं गिरवता का, असं एकेक विचारत गेले, आणि त्या प्रत्येक वेळी मान हलवत राहिल्या. शेवटी ती गोंदणवाली म्हणाली,

"निजतो बाई. आनखी काय करनार?"

परत येताना एसटीच्या खिडकीशी बसून मी मनात वाक्य जुळवत होते. तुमच्या स्वयंपाकघरात ते वाचून दाखवलं: सदर उपक्रमामुळे महिलांना विश्रांतीस वाव मिळाला आहे. तुमचा मेथीवरचा हात थांबला. म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंत. म्हणजे झोपतात, मी म्हटलं.

"मग तसं लिही. त्या बाईने तुला एक शब्द दिला, आणि तू त्याला कोट घालून आणलास."

तुम्ही रागावला नव्हतात, आवाजही चढवला नाही, आणि तरी माझे कान तापले. पुढे आयुष्यभर कितीतरी अहवाल लिहिले, पण पेन उचललं की अजून तो थांबलेला हात दिसतो.

बैठकीत मी तसंच वाचलं. झोपतात. कापडवाले शेठ समितीत सगळ्यांत कडक. पण वाईट माणूस नव्हता तो. वर्गणी गोळा करायला उन्हातान्हात सगळ्यांत जास्त तोच फिरायचा. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सरळ विचारलं की ओझरचे कामगार पगारातून काढून देतात, त्यांना उद्या काय सांगायचं? आपण गिरणी दिली आणि बायका झोपल्या?

"हो," तुम्ही म्हणालात. "असंच सांगायचं."

शेठना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की त्याच पैशात दुसऱ्या एखाद्या गावाचं टिकाऊ काम होईल, पाड्याची मागणी बाजूला ठेवावी. बाकीचेही त्यांच्या बाजूने कलायला लागले होते. तुम्ही वाद घातला नाहीत. इतकंच म्हणालात की नाकारायचं तर डोळ्यांनी बघून नाकारा. डॉक्टरांची जीप होती, पण त्यांना सकाळी दवाखान्यात परत यायचं होतं, म्हणून आम्ही नाशकातून निघालो तेव्हा रस्त्यावर दुधवालेही नव्हते.

घाटात गारवा होता. वाटेत एका पाड्यापाशी जीप तापली म्हणून थांबलो, आणि अंधारात सगळीकडून जात्यांची घरघर ऐकू आली. घर दिसत नव्हतं, माणूस दिसत नव्हतं, नुसता तो आवाज, जसा डोंगरच दळत असावा. शेठ उभे राहून ऐकत होते. मग पुढे गेलो, जीप खाली ठेवून आपल्या पाड्याची वाट चढलो. वर पोचलो तेव्हा नुकतं फटफटायला लागलं होतं. आणि तिथे काहीच आवाज नव्हता. चुलीचा धूर नाही, बांगडी नाही. एका पडवीत एक तरुण बाई कुशीवर निजली होती, पोटाशी तान्हं मूल, एक हात जमिनीवर मोकळा टाकलेला. पलीकडच्या ओट्यावर दोघी एकाच गोधडीत. कुत्र्याने मान उचलून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवली. एक म्हातारा शेकोटीशी बसला होता. आम्हाला बघून तो गडबडीने उठला आणि हळूच म्हणाला,

"बाया निजल्यात. उठवू?"

"नको," शेठ म्हणाले. कुणाला तोंड उघडायचीही संधी न देता म्हणाले. मग त्यांनी पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या. त्यांचं बघून डॉक्टरांनीही काढल्या. अशी आपली समिती, बाई, धोतरं सावरत, बोटांवर पावलं टाकत त्या पाड्यातून चालत गेली आणि गिरणीच्या कुडाला टेकून बसली. तुम्ही माझ्या शेजारी होतात. समोरचा डोंगर आधी निळा होता, मग करडा झाला, मग त्याच्यावरची झाडं एकेक करून वेगळी झाली. असं बसायची सवय आमच्यापैकी कुणालाच नव्हती. मी ते स्वप्नात पाहिलं की खरंच घडलं, असं आता मधूनच वाटतं, पण वहाणा हातात घेतलेले शेठ मला स्वप्नात सुचले नसते.

उन्हं आल्यावर बाया उठल्या, आम्हाला पाहून ओशाळल्या, धावपळ झाली, कोरा चहा आला. शेठनी कुणाला एकही प्रश्न विचारला नाही. पुढच्या बैठकीत पाड्याचा विषय निघाला तेव्हा ते इतकंच म्हणाले की पत्रे घ्यायचे तर जाड घ्या, हलके वाऱ्याने उडतात. इंजिनाचं तर त्यांनी विचारलंही नाही, ते धरूनच चालले होते.

पाड्यावरून परतलो त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती हात न थांबवता ऐकत होती. सगळ्याच निजल्या होत्या का, तिने विचारलं. सुनापण? सुनापण, मी म्हटलं. ती खूप हसली, तंबाखूचा ठसका लागेपर्यंत हसली. मग म्हणाली, मला नाही जमायचं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आईला झोपलेली कधी पाहिलेलीच नाही. मी झोपले की ती जागी, मी उठले की ती जागी.

तुम्ही गेलात त्याला आता खूप वर्षं झाली. आईही गेली. निधी काही काळ चालला, मग समितीतली माणसं म्हातारी झाली आणि तो हळूहळू मिटला. पाड्यावर वीज आली असं ऐकते, मी गेलेली नाही. हे पत्र लिहून मी ते कपाटातल्या साड्यांखाली ठेवणार आहे, कारण पाठवायचं कुठे. पण एक गोष्ट सांगून टाकते. तुम्ही मेथी निवडत असायचात आणि मी तुम्हाला अर्ज वाचून दाखवायचे ना, तेव्हा एकदा मधेच, न लिहिलेला एक अर्ज माझ्या अगदी ओठांवर आला होता. कॉलनीतली एक बाई आहे, तिला थोडी झोप हवी आहे. मी पुढचा कागद उचलला.